लहान खोलीसाठी स्टुडिओ मॉनिटर: आधी खोली मोजा, मग स्पीकर निवडा

परवडतील असे स्टुडिओ मॉनिटर कोणते, असं कुणी विचारलं की लगेच मॉडेलांची नावं सुरू होतात. यामाहा घे, जेबीएल घे, अ‍ॅडम घे. विचारणाऱ्याची खोली केवढी, टेबल कुठे लावलंय, तो गाणी रेकॉर्ड करणार की बीट्स बनवणार, याची चौकशी कुणी करत नाही. माझं मत असं, की या किमतीच्या टप्प्यात दोन बऱ्या मॉडेलांमध्ये जेवढा फरक ऐकू येतो, त्याहून कितीतरी जास्त फरक तोच मॉनिटर अर्धा मीटर इकडचा तिकडे सरकवल्यावर पडतो. म्हणून या लेखात खरेदी मध्यावर येईल. आधी मोजपट्टी, शेवटी थोडी मांडामांड.

मॉनिटरकडून अपेक्षा काय ठेवायची

गाणी ऐकायचा घरगुती स्पीकर आवाज खुलवून देतो. बेस थोडा वाढवतो, वरच्या सुरांना चमक देतो. मॉनिटरने असलं काही करू नये. त्यावर तयार केलेलं मिक्स, म्हणजे सगळे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवून केलेलं गाणं, गाडीत, फोनवर, मित्राच्या हेडफोनवर साधारण तसंच वाजलं पाहिजे, एवढीच त्याची कसोटी.

यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती हाय-फाय स्पीकर म्हणून बाजारात आला होता. तिथे त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पण पांढऱ्या शंकूसारख्या पडद्याचा हा लहानसा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंग कन्सोलवर जाऊन बसला, आणि २००१ मध्ये उत्पादन बंद झाल्यावरही तिथून हलला नाही. त्याला बेस जेमतेम, आवाजाचा मधला पट्टा अंगावर येणारा, आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा लहान स्पीकर) इतका टोकदार की लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी तो टिकला, कारण त्याच्यावर जमलेलं मिक्स बाहेर फसत नसे. दुकानात ऐकताक्षणी आवडलेला स्पीकर कामाला चांगला असेलच असं नाही, याचं यापेक्षा ठळक उदाहरण माझ्या माहितीत नाही.

पहिली पायरी: खोलीची मापं काढा

लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये लिहून घ्या. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या आकड्याला मापाच्या दुपटीने भागलं की त्या दिशेला खोली सगळ्यात खाली कुठल्या फ्रीक्वेन्सीवर घुमणार ते कळतं. समजा खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. मग उत्तरं येतात साधारण ४८, ५७ आणि ६१ हर्ट्झ. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते आणि किक ड्रमचा मुख्य ठोका बहुधा ५० ते ६० च्या आसपास असतो. म्हणजे ज्या सुरांचा अंदाज घेणं सर्वांत गरजेचं, नेमके तेच ही खोली कुठे दुप्पट करणार, कुठे गिळून टाकणार. मॉनिटर कितीही महाग असो, त्याला हे बदलता येत नाही.

खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदीचं उत्तर एकच येतं आणि एकाच सुरावर दोन्हीकडून भर पडते. अशी खोली टाळता येत असेल तर टाळा. अडीच मीटरची चौरस खोली, उघड्या भिंती, शेजाऱ्यांची तक्रार आणि रात्रीच मिळणारा वेळ, असा सगळा योग जुळून आला असेल तर तूर्त मॉनिटर घेऊच नका. त्याच पैशांत चांगला ओपन-बॅक (कपाची पाठ उघडी असलेला) हेडफोन येतो, आणि तो खोलीच्या भानगडीत पडत नाही.

दुसरी पायरी: बसायची जागा कागदावर ठरवा

टेबल लहान भिंतीला, म्हणजे स्पीकरचा आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल असं ठेवा. डावी आणि उजवी भिंत सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडं दार असेल तर मधोमध वाजणारा गायकाचा आवाज एकीकडे झुकतो, आणि आपण नकळत पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणारं बटण) फिरवत बसतो.

डोकं खोलीच्या बरोब्बर मध्यावर येऊ देऊ नका. खालचे सूर तिथे सर्वांत जास्त हरवतात. पाठीमागच्या भिंतीला टेकूनही बसू नका, तिथे ते फुगतात. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं, असा एक जुना ठोकताळा आहे. तो सुरुवातीला धरायला ठीक, पण दगडावरची रेघ नव्हे. ३.६ मीटर खोलीत हे अंतर १.३७ मीटर येतं.

आता स्पीकर. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. लहान खोलीत बाजू एक ते सव्वा मीटर पुरते. मॉनिटरच्या मागे भिंतीपर्यंत १० सेंटिमीटर जागा आणि खोक्याचं पुढून मागे माप साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे वूफरचा (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पुढचा भाग भिंतीपासून ३२ सेंटिमीटरवर. त्रिकोणाची बाजू १.१ मीटर धरली तर डोकं भिंतीपासून सुमारे १.२७ मीटरवर येतं, म्हणजे ३५ टक्क्यांवर. जमलं. एवढा हिशेब कागदावर झाला की आठ इंची वूफरचा मोह निम्मा तिथेच गळून पडतो, कारण तेवढं मोठं खोकं त्या टेबलाच्या आसपास मावतच नाही.

भिंतीपासून अंतर: सर्वांत जास्त गैरसमज इथेच

"मागे पोर्ट असलेला मॉनिटर भिंतीजवळ चालत नाही, पुढे पोर्टवाला घ्या," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते अर्धंच खरं आहे. पोर्टला, म्हणजे बेससाठी खोक्याला ठेवलेल्या भोकाला, श्वास घ्यायला जागा हवी, पण त्यासाठी १० ते १५ सेंटिमीटर पुरतात. भिंतीजवळ बेस वाढतो तो पोर्टमुळे नव्हे. खालच्या फ्रीक्वेन्सी स्पीकरमधून सगळीकडे सारख्याच पसरतात, मागे भिंतीवर आपटतात आणि परत येऊन थेट आवाजात मिसळतात. पोर्ट पुढे असला तरी हे होणारच.

परत आलेला हा आवाज एका ठरावीक सुरावर उलटा पडतो आणि थेट आवाजाला खोडून टाकतो. तो सूर काढायला ३४३ ला वूफर-भिंत अंतराच्या चौपटीने भागा. अंतर १ मीटर असेल तर ८६ हर्ट्झ, म्हणजे बेस आणि किकच्या ऐन मध्यावर खड्डा. हेच अंतर ३२ सेंटिमीटर केलं तर खड्डा सुमारे २७० हर्ट्झवर सरकतो. तिथे स्पीकर बऱ्यापैकी पुढच्या दिशेनेच आवाज टाकू लागलेला असतो, त्यामुळे खड्डा उथळ होतो; शिवाय मागे १० सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) पॅनेल लावला तर तो आणखी भरून निघतो. ८६ हर्ट्झला तेवढ्या जाडीचा पॅनेल फारसा पुरा पडत नाही.

म्हणून लहान खोलीत मॉनिटर भिंतीपासून "शक्य तितके लांब" ठेवायचा सल्ला उलटा बसतो. खरोखर लांब, म्हणजे दोन मीटरहून जास्त नेता येत नसतील, तर भिंतीजवळच ठेवा. बेस जेवढा वाढेल तेवढा मॉनिटरच्या पाठीवरच्या बटणाने कमी करा. यामाहाच्या एचएस मालिकेत 'रूम कंट्रोल' नावाचं बटण ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने उतरवतं. काली एलपी-६ च्या पाठीवर तर मॉनिटर कुठे ठेवलाय याची चित्रंच छापलेली आहेत, त्याप्रमाणे लहान लहान स्विच लावायचे. वाढलेला बेस उतरवता येतो, खड्डा मात्र भरता येत नाही. इक्वलायझरने (ठरावीक सुरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) १० डेसिबल वाढवायला दहापट ताकद लागते आणि भिंतीवरून परतणारा आवाजही तेवढाच वाढून पुन्हा खोडतो.

तिसरी पायरी: वूफरचा आकार

दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीला पाच इंची वूफर हा सरळ पर्याय आहे. थोडी मोठी खोली आणि बेसवर चालणारं संगीत असेल तर साडेसहा इंची. आठ इंची मॉनिटर लहान खोलीत आणला तर तो ४० हर्ट्झपर्यंतचे सूर सोडतो खरा, पण खोली ते नीट सांभाळत नाही आणि कानाला घुमणं तेवढं मिळतं. ४० हर्ट्झची एक लहर साडेआठ मीटरहून लांब असते.

साडेतीन इंची मॉनिटर टेबलावर सहज मावतात. बोललेला आवाज, पॉडकास्ट, गाणं आणि अकूस्टिक गिटार यांच्यासाठी ते वाईट नाहीत. गिटारची सर्वांत खालची तारसुद्धा ८२ हर्ट्झला वाजते. पण प्रीसोनसच्या एरिस ई३.५ सारख्या मॉनिटरची मर्यादा मुळातच ८० हर्ट्झ दिलेली आहे. त्यावर किक आणि बेसचा निवाडा करायचा म्हणजे अंधारात तीर मारणं. तेवढं काम हेडफोनवर तपासणार असाल तरच हा आकार घ्या.

चौथी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

एका कंपनीने ५४ हर्ट्झ लिहिलंय आणि दुसरीने ४३, म्हणून दुसरा चांगला, असं होत नाही. आधी आकड्यापुढे डेसिबल किती ते बघा. यामाहा एचएस५ ला ५४ हर्ट्झ हा आकडा उणे १० डेसिबलचा आहे. म्हणजे तिथे आवाज मूळ पातळीच्या साधारण निम्माच वाटतो. उणे ३ डेसिबलचा आकडा ७४ हर्ट्झ आहे. जेबीएल ३०५पी मार्क टू ला उणे १० डेसिबलला ४३ आणि अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये ४९ हर्ट्झ. तुलना करायची तर ३ डेसिबलवाला आकडा ३ डेसिबलवाल्याशीच करा. डेसिबल दिलेलेच नसतील तर तो आकडा जाहिरात समजा.

वॅटमध्ये अडकू नका. पाच इंची मॉनिटर एका मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो, आणि तुम्ही काम करणार ७५ ते ८० वर. ताकद दुप्पट केली तरी फक्त ३ डेसिबल वाढतात.

वूफर आणि ट्वीटरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे का, हे मात्र जरूर बघा. स्वस्तातल्या काही जोड्यांत अ‍ॅम्प्लिफायर एकाच खोक्यात असतो आणि दुसरा स्पीकर साध्या तारेने त्याला जोडलेला असतो. तेही चालतं, पण पुढे एक बिघडला तर जोडीच जाते.

आणि एक रोकडी गोष्ट: बरेच मॉनिटर एकेकटे विकले जातात. दिसणारी किंमत जोडीची की एकाची, ते नीट वाचल्याशिवाय तुलना करू नका.

पाचवी पायरी: जोडणी

ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला माइक आणि स्पीकर जोडणाऱ्या खोक्याच्या) मागे पाव इंची बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली किरकिर खोडणारे, आउटपुट असतात. तिथून मॉनिटरच्या एक्सएलआर किंवा टीआरएस इनपुटला बॅलन्स्ड केबलच घ्या. दिसायला सारखी, पण पिनवर दोनाऐवजी एकच काळी रिंग असलेली गिटारची केबल लावली तर आवाज येतो, सोबत लॅपटॉपच्या चार्जरची किरकिरही येते. मॉनिटर, इंटरफेस आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले की घरघर बरीच कमी होते. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ते जिवावर बेतू शकतं, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

एक मीटरवर बसल्यावर स्वस्त मॉनिटरचा 'सुस्स' आवाज शांत खोलीत ऐकू येतो. मॉनिटरच्या पाठीवरचा व्हॉल्यूम उतरवून इंटरफेसचा वाढवला की तो सहसा कमी होतो. वाजवत नसतानाही तो टोचत असेल आणि तुम्ही रात्री काम करणारे असाल, तर हे खरेदीआधीच तपासलेलं बरं.

सहावी पायरी: पैशांची वाटणी आणि दोन-तीन नावं

एकूण रकमेचे दोन भाग मॉनिटरला आणि एक भाग बाकी सगळ्याला, अशी वाटणी मी सुचवेन. बाकी म्हणजे केबल, स्टँड आणि भिंतीवरचे पॅनेल. सगळी रक्कम मॉनिटरमध्ये घालून ते पुस्तकांच्या चळतीवर ठेवण्यात अर्थ नाही.

पाच इंचीत एचएस५, ३०५पी मार्क टू आणि अ‍ॅडम टी५व्ही ही तीन नावं सोबत ऐकावीत. एचएस५ मधला पट्टा उघडा करून दाखवतो, त्यामुळे गायकाचा आवाज आणि गिटार यांची भांडणं पटकन सापडतात. बेस मात्र कमी. ३०५ खाली जास्त जातो आणि डोकं थोडं हललं तरी आवाज फारसा बदलत नाही. टी५व्ही चा रिबन जातीचा ट्वीटर वरचे तपशील स्वच्छ काढतो. केआरकेच्या रॉकिट ५ च्या चौथ्या पिढीत पाठीवर लहान पडदा आणि तयार इक्वलायझर आहेत, पोर्ट पुढे आहे. बेसवर चालणारं संगीत करणाऱ्यांना ते आवडतात. मला काली जास्त पटतो, पण त्याचं खोकं मोठं आहे.

वापरलेली जोडी मिळत असेल तर अवश्य बघा. वूफरच्या कडेचं रबर किंवा फोम बोटाने हलकेच चाचपा, भेगा दिसल्या तर सोडा. ट्वीटरचा घुमट चेपलेला नसावा. मग २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा साइन स्वीप हळू आवाजात वाजवा. जिथे सूर स्वच्छ न राहता खरखर येते तिथे कॉइल घासतेय किंवा खोकं सैल झालंय. टेबलावरचा पेनस्टँडही याच स्वीपला थरथरतो, तेव्हा स्पीकरला दोष देण्याआधी तो उचलून पाहा.

सातवी पायरी: ऐकून निवडताना

तुम्हाला पाठ असलेली तीन-चार गाणी न्या: एक फक्त आवाज आणि एका वाद्याचं, एक भरगच्च, एक खोल बेसचं. शिवाय स्वतःचं एक मिक्स, ज्यातल्या चुका तुम्हाला माहीत आहेत. त्या चुका ज्या जोडीवर आपोआप कानावर येतात, ती जोडी कामाची.

दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा लावून घ्या. एक डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर हटकून "जास्त चांगला" वाटतो. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर दोन्ही सारखे आणले तरी पुरे. मग गाणं मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येऊ द्या. गायक दोन स्पीकरच्या मधोमध एका बिंदूत दिसला पाहिजे. धूसर पसरलेला वाटला तर जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा कुठेतरी तार उलटी लागली आहे. शक्यतो परत करायची मुभा असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, कारण दुकानातली खोली तुमची नाही.

आठवी पायरी: घरी लावताना

ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. टेबलावर मॉनिटर आडवे झोपवू नका. वूफर आणि ट्वीटर शेजारी-शेजारी आले की डोकं थोडं हललं तरी मधला पट्टा बदलतो. टेबलाच्या मागे वेगळे स्टँड उत्तम, कारण टेबलाच्या फळीवरून उसळणारा आवाज मधल्या पट्ट्यात लुडबुड करतो. टेबलावरच ठेवायचे असतील तर खाली तिरका फोम किंवा लहान स्टँड घाला.

मग एका माणसाच्या हातात आरसा द्या. तुम्ही खुर्चीत बसा आणि त्याला बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून पुढे-मागे सरकवायला सांगा. जिथे आरशात तुम्हाला मॉनिटरचा ट्वीटर दिसेल, तिथेच आवाज भिंतीवरून उसळून तुमच्याकडे येतो. खडूने खूण करा. दोन्ही भिंती आणि छत, एवढ्या ठिकाणी १० सेंटिमीटर जाडीचे रॉकवूलचे, कापडात गुंडाळलेले पॅनेल लावा. अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा पातळ फोम फक्त वरचे सूर खातो आणि खोली आणखी घुमी वाटायला लागते. पॅनेल उरले तर ते कोपऱ्यांत उभे करा.

मोजायची हौस असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याला एक मापनाचा मायक्रोफोन लागतो. आलेखातले उंच डोंगर इक्वलायझरने छाटा, दऱ्यांच्या नादी लागू नका. दरी दिसली की खुर्ची दहा सेंटिमीटर पुढे-मागे करून पुन्हा मोजा.

नववी पायरी: आवाजाची पातळी बांधून घ्या

आवाज मोठा केला की बेस आणि वरचे सूर कानाला जास्त वाटतात, लहान केला की आधी तेच नाहीसे होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे आलेखाने दाखवलं होतं. त्यामुळे रोज वेगळ्या पातळीवर मिक्स केलं की रोज वेगळा बेस ठरतो. उणे २० डेसिबल पातळीचा पिंक नॉइज (सगळे सूर असलेला सलग 'शऽऽ' आवाज) एका वेळी एकाच मॉनिटरमधून वाजवा, खुर्चीच्या जागी मोजा आणि ७३ ते ७६ डेसिबल येईल अशी इंटरफेसची खूण पेन्सिलने करून ठेवा. चित्रपटांच्या मिक्सिंगची मोठी सभागृहं ८५ डेसिबल धरतात, लहान खोलीत तेवढ्याने कान लवकर थकतात. दुसऱ्या मॉनिटरचा आकडाही तोच आला पाहिजे. नसेल तर पाठीवरच्या नॉबने जुळवा.

पहिले काही आठवडे नवीन मिक्सपेक्षा ओळखीची गाणीच जास्त वाजवा. नंतर स्वतःचं मिक्स गाडीत आणि फोनवर ऐकून काय चुकलं ते वहीत लिहा: बेस जास्त, 'स' टोचतोय, आवाज मागे पडलाय. तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली तर आधी खुर्ची आणि मॉनिटरची जागा तपासा, मग पाठीवरची बटणं. सबवूफरचा विचार त्यानंतर, आणि तोही कोपऱ्यांत पॅनेल लागल्यावर. तोवर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हेडफोनवर पडताळून घ्या.